नळी नसलेली सुई

४ जानेवारी, रविवार

आज बगीच्यात एक सुई सापडली. शिवणाची नव्हे, दवाखान्याची; पण तिला नळी नाही. नखाएवढं पांढरं प्लॅस्टिकचं बूड आणि त्यातून निघालेली केसासारखी बारीक सुई, बस्स. कोपऱ्यातल्या बाकामागे मेंदीचं कुंपण आहे, त्याखालच्या पाल्यात पडली होती. चपलेच्या टोकानं उलटीपालटी करून पाहिली. जन्मभर सरकारी शाळेत मुलींना विज्ञान शिकवलं, तेही हिंदीतून, कारण आमचं गाव हिंदी मुलखात, पण असली सुई कधी पाहिली नव्हती. औषध भरायला नळीच नाही, तर ही टोचायची कशी?

काडीनं पाला सरकवला तर आणखी दोन दिसल्या. तेवढ्यात कमला आली. कमला म्हणजे आमची शेजारीण आणि कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्ष. ती लांबूनच ओरडली, "ताई, सोडा ते! कायची बिमारी राहते अन् कायची नाही." मग सोडलं आणि घरी आले.

ह्यांना सांगितलं. हे ताटावरून मान न उचलता म्हणाले, "असन काही. तू कचऱ्यात काहून डोकं घालतं?" आता कचऱ्यात डोकं घालणं हा माझा जुनाच छंद आहे. घरातला ओला-सुका मी स्वतः निवडते. कोणी लपून बिस्कीट खाल्लं, कोणाची गोळी घ्यायची राहिली, सगळं डब्यात दिसतं. म्हणून तर ह्यांची साखर आटोक्यात आहे.

५ जानेवारी, सोमवार

काल मी त्या सुया उचलल्या असत्या तर आजचा दिवस आलाच नसता. हे दिवसभर मनातून जात नाही.

अनुसयाला सुई लागली. ती नगरपालिकेकडून बगीचा झाडते. पाल्याचा ढीग दोन्ही हातांनी दाबून टोपलीत भरत होती, तेव्हा तळव्यात घुसली. तिनं उपटून बाजूला टाकली, हात पदराला पुसला आणि पुन्हा कामाला वाकली. मीच आरडाओरडा केला. साबणानं हात धुवायला लावला, सुई चिमट्यानं उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातली आणि ऑटो करून तिला जिल्हा रुग्णालयात नेलं.

तिथे देवश्री भेटली. कटंगीची मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. आता रुग्णालयात समुपदेशक आहे. बरणी उजेडात धरून ती लगेच म्हणाली, "मॅडम, ही इन्सुलिनच्या पेनाची सुई आहे. पेनावर फिरवून बसवतात, काम झालं का काढून फेकतात." पेन! आत औषध, टोकाला सुई, मागे दाबायचं बटण. केवढी युक्तीची वस्तू! किती जाड असतो, कुठे टोचतात, रोज नवी सुई लागते का, मी सगळं विचारून घेतलं. शेजारी अनुसया तळवा धरून बसली होती आणि मी पेनाची चौकशी करत होते. अशी मी.

डॉक्टरांचं म्हणणं असं, की साखरेच्या माणसाची सुई असली तरी त्याच्या रक्तात आणखी काय आहे ते कोणाला ठाऊक? धोका थोडा, पण नाहीच असं म्हणता येत नाही. तेव्हा एड्सचा संसर्ग होऊ नये म्हणून अनुसयाला महिनाभर गोळ्या घ्यायच्या, काविळीची लस टोचून घ्यायची आणि पुन्हा पुन्हा तपासणी करायची. "ज्याची सुई तो माणूस सापडला अन् त्याचं रक्त चांगलं निघालं, तर गोळ्या बंद करता येतात," देवश्री म्हणाली.

एड्स हा शब्द ऐकून अनुसया रडायलाच लागली. "घरी राखीचं लेकरू हाये नं मॅडम." राखी तिची मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली; नात अजून महिन्याचीही नाही. बाळाला न्हाऊ घालणं हे आजीचं काम. "मी तिले आता हात कशी लावू?" हात लावल्यानं काही होत नाही, न्हाऊ घाल, मांडीवर घे, असं देवश्रीनं दहादा समजावलं. अनुसया दरवेळी हौ हौ म्हणाली. तिला पटलेलं नव्हतं.

६ जानेवारी, मंगळवार

तर प्रश्न असा आहे: घरदार असलेला माणूस इन्सुलिन बगीच्यात येऊन का घेईल?

सकाळपासून डोक्यात हाच भुंगा. एक तर तो बाहेरगावचा असेल. लामत्याकडून बसनं येणारा एखादा बाबू, कामावर जाता जाता बाकावर बसून घेत असेल. किंवा मग घरी जागा नाही. किंवा घरी सांगितलेलं नाही. पण हे तिसरं मला पटत नाही. दारू लपवतात, तंबाखू लपवतात. औषध कोणी लपवतं का?

आमच्या घरात हा प्रश्न नाही. ह्यांना साखर आहे, पण गोळ्या आणि माझं मेथी-जांभूळबीचं चूर्ण ह्यांवर निभावतं. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, सुई सुरू झाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तो गेला. तेव्हाच मी ह्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की काहीही झालं तरी सुई घेणार नाही. विज्ञानाची मास्तरीण असून असं करते म्हणून आमची लेक श्रिया नागपूरहून फोनवर भांडते. भांडू दे. दिवाळीनंतरचा ह्यांचा रिपोर्ट इतका सुधारला आहे की डॉक्टरही चकित झाले असतील. चूर्ण कडू आहे, पण कडू खाणाऱ्याचंच गोड होतं.

हे मात्र आज फिरून लवकर परतले. ह्यांचं फिरणंही एक मासलाच आहे. सकाळी नाश्त्याआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी, न चुकता, बगीच्यापर्यंत स्कूटरवर जायचं आणि मग फिरायचं! बगीचा आमच्या दारातून दिसतो.

८ जानेवारी, गुरुवार

भोजराज किराणावाल्यानं कॉलनीची मीटिंग घेतली. त्याचं ठरलेलंच होतं: "दीदी, ये सब नशेड़ी लड़कों का काम है. गेटले ताला लावा, कॅमेरा लावा, पोलीस बुलाओ." मी बरणी पुढे केली, पेनाची गोष्ट समजावून सांगितली. तो म्हणे, "आजकल के लड़के कुछ भी घुसा लेते हैं." उचलली जीभ लावली टाळ्याला. संध्याकाळी बॅडमिंटन खेळणाऱ्या पोरांना त्यानं हाकलून लावलं आणि त्यांच्या पिशव्या तपासल्या. पिशव्यांत फुलं निघाली, बॅडमिंटनची.

मी म्हटलं, आपल्याला त्या माणसाला पकडायचं नाही, त्याचं रक्त तपासायचं आहे. एका बाईचा जीव टांगणीला लागला आहे. तो सापडला की तिची सुटका. हे मागच्या खुर्चीवर बसले होते. मीटिंग संपायच्या आधीच उठून गेले.

९ जानेवारी, शुक्रवार

आज मी पहारा दिला. कानटोपी, शाल आणि विणकाम घेऊन संध्याकाळी त्या बाकासमोरच्या बाकावर बसले. एक जोडपं आलं, मला पाहून गेलं. दोन म्हातारे राजकारण बोलत बसले. एक कुत्रं आलं. पेन कोणाजवळ दिसला नाही.

ह्यांनी आज फिरणं टाळलं. गुडघा दुखतो म्हणाले. त्याऐवजी स्कूटर घेऊन पेट्रोल भरायला गेले आणि बऱ्याच वेळानं आले. काल टाकी भरलेली होती असं मला वाटतं, पण मी पहाऱ्याच्या नादात होते. रात्री जेवले नीट.

१२ जानेवारी, सोमवार

अनुसयाला गोळ्या सोसत नाहीत. तीन दिवस कामावर नव्हती. आज आली ती भिंत धरून. "पोटात काई ठयरतच नाही, मॅडम. अन्नाचा वास आला तरी उलटी." नवऱ्यानं, महागूनं, तिची ताट-वाटी वेगळी केली नाही, तिनं स्वतःच केली. तो समजावतो तर त्याच्यावर खेकसते. बाळाला न्हाऊ घालायला शेजारची म्हातारी येते. "ते बुढी पोरीच्या डोळ्यात साबन घालते. मी दारातून पायते अन् जीव कासावीस होते."

मी देवश्रीनं सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तुमी शिकलेल्या हा. तुमचं खरं असन. पन तुमची नात असती तं तुमी लावला असता हात?" मी हो म्हणणार होते. मग दादाची गोष्ट आणि माझी सुईची भीती आठवली आणि हो म्हणता येईना.

ह्यांना रोज अनुसयाची चौकशी करायची असते. आली का, खाल्लं का, उलटी थांबली का. आज मोसंबी आणून दिली, तिला नेऊन दे म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीच द्या की, बाकावरच तर बसता. तर म्हणाले, "मले नाही जमत." मन फार मऊ आहे ह्यांचं. स्वतःचं जेवण अर्धं राहिलं.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगीची भाजी शिजता शिजता एक कल्पना सुचली. माणूस सापडेल तेव्हा सापडेल, पण सुया पाल्यात येतातच का? कारण त्या टाकायच्या कुठे हे कोणाला माहीत नाही. देवश्रीला फोन केला. ती म्हणाली, जाड प्लॅस्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या डब्यात टाकून भरलेला डबा रुग्णालयात आणून द्यावा, ते नष्ट करतात. म्हणजे घराघरात डबा हवा. आणि घराघरात एकाच वेळी वस्तू पोचवायची आमच्याकडे जुनी सोय आहे: संक्रांतीचं वाण.

कमलाकडे धावले. तिनं कपाळावर हात मारला. "ताई, सवाष्णीले सुईच्या डब्याचं वाण? सुई तं दिवेलागणीले कोणी उसनी देत नाही, अन् तुमी सणाची लुटून राह्यल्या!"

"सुई नाही देत. डबा देतो. रिकामा."

"रिकामं वाण तं त्याहून वाईट."

शेवटी तिनंच तोड काढली: डब्यात तिळगूळ भरून द्यायचा, तिळगूळ संपला की डबा सुयांचा. अध्यक्ष उगाच नाही ती. गोंदियाहून डबे आणायचे ठरले. ह्यांनी आपण होऊन आणायला जातो म्हटलं. तसेही हे महिन्याकाठी तिथे वसंताकडे, जुन्या कचेरीतल्या मित्राकडे, जातातच.

१८ जानेवारी, रविवार

हळदीकुंकू झालं, आणि मी असं हळदीकुंकू आयुष्यात पाहिलं नाही.

बगीच्यातच सतरंज्या घातल्या. उंबरठा नसला की कोणाला बाहेर उभं राहावं लागत नाही. विमलाबाई नवरा गेल्यापासून अशा कार्यक्रमांना येत नव्हत्या, त्याही आल्या. देवश्री आली, तिनं पाच मिनिटं सांगितलं, की सुई कशी टाकावी आणि अनुसयाला काय झालं. मग कमलानं डबे पुढे केले. कोणी हात पुढे करीना. डबा घेतला म्हणजे आमच्या घरी सुई आहे असं जाहीर होणार!

तेवढ्यात विमलाबाई उठल्या. "मले दोन दे वं. एक माह्यासाठी अन् एक सुनेसाठी. तिले पोट राह्यल्यापासून सुरू आहे, अन् मले तं सात-आठ वर्षं झाले." आणि मग जी रांग लागली! कोणाची सासू, कोणाचा दीर, कोणी स्वतः. एकमेकींना म्हणतात, "अगं, तुझ्याकडे बी? मले माहीतच नव्हतं." समोरासमोर राहणाऱ्या दोघी जावा एकमेकींपासून लपवून घेत होत्या. भोजराजची बायको सगळ्यांत शेवटी आली आणि कानात म्हणाली, "एक दे दो दीदी. हमारे इनको लगता है, सुबह-शाम. किसीले सांगू नका."

भोजराज! नशेडी पोरांचा कर्दनकाळ! मी तशीच त्याच्या दुकानात गेले. तो लालबुंद झाला. "दीदी, कसम से, मैं घर में लगाता हूँ. सुई तो मैं नाली में डालता हूँ." म्हणजे तो नव्हेच. नालीचा समाचार वेगळा घेतला. कॅमेऱ्याचं नाव आता तो काढणार नाही.

घरी येऊन ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. विमलाबाई सात-आठ वर्षं सुई घेतात आणि ठणठणीत आहेत, हे सांगताना मी स्वतःच जरा थबकले. हे माझ्याकडे टक लावून पाहत होते. म्हणाले, "मंग? तुले काय वाटते?" मी म्हटलं, एखादीचं नशीब.

अनुसया हळदीकुंकवाला आली होती, पण मागे, झाडाखाली बसली. मी कुंकू लावायला गेले तर मान मागे घेतली. लावलंच मी. पण करंडा तिच्यापुढे धरला तर तिनं परत मला बोट लावलं नाही.

२१ जानेवारी, बुधवार

माणूस सापडला!

म्हणजे मला नाही, देवश्रीला. तिचा दुपारी फोन आला. तो आपण होऊन तिच्याकडे आला, त्या बाकावरच्या सुया आपल्याच, रक्त घ्या म्हणाला. रक्त घेतलं, सगळ्या तपासण्या झाल्या, काही नाही. चांगलं रक्त. डॉक्टरांनी अनुसयाच्या गोळ्या बंद करायला सांगितलं आहे. मी स्वयंपाकघरातच दोन्ही हात जोडले.

मग विचारलं, कोण गं तो? देवश्री म्हणाली, "मॅडम, नाव सांगता येत नाही." बाई की पुरुष? "मॅडम." आपल्या कॉलनीतला? "मॅडम, प्लीज." एवढंच म्हणाली, की त्यांच्या घरी माहीत नाही, बायकोला कळलं तर ती फार घाबरेल म्हणून बाहेर घेत होते.

म्हणजे पुरुष. आणि माझा तिसरा तर्क खरा. पण काय म्हणावं त्या बायकोला! नवरा थंडीवाऱ्यात बाकावर बसून पोटात सुई टोचून घेतो आणि हिला पत्ता नाही! घरात राहते की धर्मशाळेत? एवढी कसली दहशत घालून ठेवलीय त्या बापड्याला? मला भेटली तर चांगली कानउघाडणी करीन. हे माझं बोलणं ऐकून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, पण मग उठून आत जाऊन पडले.

२२ जानेवारी, गुरुवार

आनंद एका दिवसाचा. अनुसयानं गोळ्या बंद करायला नकार दिला.

देवश्री आणि मी दोघी तिच्यापुढे बसलो. ती म्हणते, "कोनाचं रक्त? नाव सांगा." नाव सांगता येत नाही, पण तपासणी पक्की आहे, असं देवश्री म्हणाली. "मंग मले कसं समजावं का त्याच मानसाचं हाये? कोनी बी येईन, माही सुई म्हनन, रक्त देईन. मले त्याचं तोंड पाहू द्या. तोंड पाह्यल्याबिगर मी गोळ्या सोडत नाही अन् लेकराले हात लावत नाही." देवश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मला अनुसयाचं चुकतंय असं म्हणता येईना. कागदावर विश्वास ठेवायला आम्ही शाळेत शिकलो. ती माणसाच्या तोंडावर ठेवते, आणि तळवा तर तिचा आहे.

जेवताना हे सगळं ह्यांना सांगितलं. म्हटलं, त्यानं समोर यायलाच पाहिजे. रक्त दिलं तसं तोंडही दाखवावं. कर नाही त्याला डर कशाला?

ह्यांनी घास खाली ठेवला. "अन् त्याच्या बायकोले समजलं तं?"

"समजू द्या. मरते का ती?"

"तिले वाटते का सुई लागली म्हणजे मानूस संपला. मंग ती रोज त्याच्याकडे तसंच पाहीन. मेल्यासारखं. ते नाही पाहवत."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत तिला काय वाटतं? हे म्हणाले, "असन म्हणून म्हणतो." आणि ताटात पाणी सोडून उठले. चिन्नोर तांदळाचा वासाचा भात तसाच राहिला. ह्यांच्या मनाला फार लागलंय हे प्रकरण. झोपेत कण्हतात.

२४ जानेवारी, शनिवार

बाळाला झबली-टोपडी घेतली. उद्या रथसप्तमी, सकाळी अनुसयाकडे जाऊन देऊन येऊ म्हटलं. मी एकटीच जाणार होते, तर हे म्हणाले, "मी बी येतो. स्कूटरवर सोडतो." इतके दिवस तिच्यासमोर जायचं टाळत होते. म्हटलं, चला.

२५ जानेवारी, रविवार

लिहायला बसले आहे, पण कुठून सुरुवात करू?

सकाळीच निघालो, नाश्ता न करता. अनुसयाचं घर रेल्वे फाटकापलीकडे. अंगणात ऊन होतं, राखी बाळाला घेऊन खाटेवर बसली होती, महागू दात घासत होता. अनुसया दूर ओसरीच्या टोकाला, आपल्या वेगळ्या बशीत चहा पीत होती. मी झबली काढून राखीच्या हातात देत होते. हे चपला काढून सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. हात जोडले.

"बाई, ते सुई माही होती."

मला वाटलं, हे तिला धीर द्यायला खोटं बोलताहेत! खरंच असं वाटलं. मी म्हटलंसुद्धा, "अहो, काहीतरी काय!" हे माझ्याकडे वळलेच नाहीत. "दिवाळीच्या आंधीपासून घेऊन राह्यलो. गोंदियाच्या डॉक्टरनं लावून देल्ली. घरी सांगता येत नव्हतं म्हणून बाकावर बसून घेत होतो अन् मागं टाकत होतो. एवढीशी सुई, पाल्यात कोनाले दिसते, असं वाटे. तुमाले लागली तवाच सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगतलं."

अनुसयानं बशी खाली ठेवली. ती उठली आणि ह्यांच्या अगदी जवळ येऊन तोंडाकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता पाया पडेल, सुटले म्हणेल. ती म्हणाली, "साहेब, मी उलट्या करून करून मरत होती अन् तुमी मॅडमच्या हातानं मोसंबी धाडत होते?"

हे म्हणाले, "हौ."

"तोंड नव्हतं तुमाले?"

"नव्हतं."

महागू मध्ये पडू पाहत होता, तिनं त्याला हातानं मागे सारलं. ती आणखी काही बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती वळली, चुलीजवळ गेली आणि तिथूनच ओरडली, "राखी, पोरीचे कपडे काढ. पानी गरमच हाये."

मग तिनं पाय लांब करून नातीला पायांवर घेतलं. तेल लावलं, बेसन लावलं, हातात पाणी घेऊन कपाळावर आडवा तळवा धरला, म्हणजे डोळ्यांत जाऊ नये. पोरगी आधी रडली, मग गप्प झाली आणि आजीकडे पाहू लागली. अनुसया मात्र रडत होती, नाक ओढत, न थांबता, आणि हात काम करत होते. राखीही रडत होती. मी खाटेच्या दांडीला धरून बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा कळसा तर रोज माझ्याच हातची पोळी खात होता. कोणत्या बायकोची कानउघाडणी मी करणार होते? राग आला होता, ह्यांचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. आणि भीती. दादा डोळ्यांपुढून हलेना. आणि त्यातही, लाज वाटते लिहायला, पण मनात प्रश्नच प्रश्न उठत होते: पेन ठेवायचे कुठे? मला वास कसा नाही आला?

न्हाऊ झालं. अनुसयानं धुरी दिली, बाळाला गुंडाळलं आणि आमच्यासमोर पोह्याच्या ताटल्या आणून ठेवल्या. तोंडावर अजून राग होता. "खाल्ल्याबिगर जायाचं नाही," ती म्हणाली.

हे ताटलीकडे पाहत बसले. "भूक नाही," म्हणाले. मला तेव्हा कळलं. खाण्याआधीची सकाळची सुई राहिली होती, कारण आज स्कूटरवर मागे मी बसले होते; आणि दारातल्या बगीच्याला स्कूटर का लागते, तेही कळलं.

मी हात पुढे केला. "किल्ली द्या."

ह्यांनी किल्ली दिली. मी जाऊन स्कूटरची डिक्की उघडली. रेनकोटखाली एक स्टीलचा डबा, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला पेन. निळा. शाळेत बक्षीस द्यावा तसा देखणा. मी तो आणून ह्यांच्या हातात दिला.

"इथं?" ह्यांनी विचारलं.

"इथंच. मी आडोसा धरते."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी शाल दोन्ही हातांनी पसरून धरली. डोळे मिटून घ्यावेसे वाटले, पण मिटले नाहीत. स्वेटर वर गेला. पोटावर लहान लहान निळसर ठिपके होते, काही जुने, काही नवे. ह्यांनी चिमटीत कातडी धरली, सुई टेकवली, बटण दाबलं आणि तसेच थांबले. मी शाल खाली येऊ न देता मनात आकडे मोजत राहिले, ह्यांनी सुई बाहेर काढेपर्यंत.